न ठरलेलं लग्न कसं मोडलं

आमच्या मंगेशचं लग्न मीच मोडलं. ते ठरलेलंच नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

पुसदला आमच्या वरच्या खोलीत विलास भाड्याने राहायचा. जवळच्या तांड्यावरचा मुलगा, कृषी केंद्रात कामाला. न सांगता गॅसचं सिलिंडर स्वयंपाकघरात आणून द्यायचा. पोळ्यापासून त्याचं भाडं बंद झालं. दिवाळी गेली, संक्रांत आली, भाडं काही येईना.

"तुम्ही मागा ना!" मी यांना म्हटलं.

"मागतो ना. आता पोरगं चहा पिऊन राह्यलं. चहा पेताना कोनी पैसे मागते का?"

(चहासुद्धा आमचाच होता!)

शेवटी मीच डोकं चालवलं. इथेच घात झाला. म्हटलं, "विलास, खोली लागते रे आम्हाले. मंगेशचं लग्न जुळून राह्यलं."

तिशी उलटलेला माझा लेक मंगेश तेव्हा स्थळांची वाट पाहत होता. मुलगी कोण, हे देवालाही ठाऊक नव्हतं. मला वाटलं, विलासचं तोंड उतरेल. कसलं काय!

"अरे वा काकू! मंग तं खोली द्याच लागते!"

नुसती दिली नाही, जाण्याआधी नवरा-नवरीसाठी निळ्या रंगाने रंगवून दिली! शिवाय कृषी केंद्रात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला औषधाच्या बाटलीबरोबर ही बातमी दिली. शेजारच्या इंगळेबाई तणतणत आल्या.

"काहून वं, आमच्यापासून लपवून राह्यली का?"

"अजून पक्कं नाही वं..."

"लाजून राह्यली पाहा!"

बँडवाला इसार मागायला आला. मंगेशच्या ऑफिसात पेढ्यांचा तगादा लागला, तेव्हा त्या भोळ्याने पेढे वाटले आणि घरी येऊन विचारलं, "आई, मुलगी दिसाले कशी आहे?"

मग तांड्यावरून विलासची आई आली. डोक्यावर तुरीच्या डाळीचं गाठोडं.

"लग्नाले ठेवा बाई, घरची हाय. पोरगं भाड्यापायी लाजते. शेठनं त्याचा पगारच अडकवला. पन तुमी कधी एका शब्दानं बोलल्या नाही. मोठ्या मनाच्या हा!"

ते गाठोडं हातात घेताना मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. खरं सांगावं, तर तिच्या पोराला घालवायला रचलेली ही थाप होती, हे सांगावं लागणार. मी चहा ठेवला. विलास त्याच संध्याकाळी ऑटोत खाट टाकून गेला आणि पगार मिळाल्यावर सगळं भाडं आणून देऊन गेला.

उन्हाळ्यात खरंखुरं स्थळ आलं. मुलगी पांढरकवड्याची, नर्स. मंगेशला अशी आवडली की तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून घरात बसू लागला! मुलीचे वडील रीतीप्रमाणे पुसदला चौकशीला आले. आणि विचारलं कुणाला? कृषी केंद्रातल्या विलासला!

"लाख मानसं!" विलासने तोंड भरून सांगितलं. "मंगेशदादाच्या लग्नासाठी मी सोता खोली खाली करून देली."

"कोनत्या लग्नासाठी?"

"पहिल्या!"

दुसऱ्या दिवशी फोन आला, मुलीला इतक्यात करायचं नाही. मंगेश ताटावरून उठला आणि शर्ट बदलून बाहेर गेला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

हे मात्र बोलले. "त्यापेक्षा मी मेलो म्हनून सांगतलं असतं. मी दारात उभा राहून खोटं तरी पाडलं असतं!"

विलास धावत आला. "काकू, माह्यापायी मोडलं का? मी जाऊन सांगतो त्याईले. पन पहिलं काहून मोडलं होतं?"

आता कारणही रचायचं? नाही जमलं. खाली मान घालून सगळं खरं सांगितलं. तो मग म्हणाला, "हेच सांगू का मंग त्याईले?"

"सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पांढरकवड्याला गेला बिचारा. संध्याकाळी परत आला, आधी तांब्याभर पाणी प्यायला.

"काकू, मंगेशदादावरचा डाग गेला. पोरगा पसंत हाय त्याईले."

"मंग?"

विलास फरशीकडे पाहू लागला. "सासू अलग राहत असन, तं पाहू म्हनतात."

एका बाईपुरती खोली कुठे असेल तर कळवा. भाडं वेळेवर देईन.