बुडणाऱ्याला आधी मारणारा सोपान

फाड्!

कानाखाली बसलेल्या त्या थपडेचा आवाज बेचाळीस वर्षं माझ्या कानात आहे.

पानशेतच्या पाण्यात मी बुडत होतो आणि सोपान मला मारत होता.

मी त्याच्या गळ्याला मिठी मारली, म्हणून दुसरी नाकावर. मग केसांना धरून काठापर्यंत ओढलं.

शुद्धीवर आलो तेव्हा सोपान शेकोटीशी बसून म्हणाला, "राग धरू नगा पाव्हणं. बुडनारा गळ्यात पडतो. आदी त्याला गार करायचा, मग वढायचा. न्हाईतर दोगं बी तळाला."

त्याच्या बापानं शिकवलेली रीत.

मी तेव्हा पोस्टात नवा कारकून, नाताळच्या सुट्टीत मित्रांबरोबर आलेला. पुढे दर हिवाळ्यात आठ दिवस सोपानच्याच घरी. पाण्यावरचं धुकं, कोवळं ऊन, पारूवहिनींची तांदळाची भाकरी, पावट्याची आमटी.

काठावर बसून मी शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणायचो.

"बास करा की कवी," सोपान गोठ्यातून ओरडायचा. "म्हस पान्हा चोरतीया!"

मागच्या डिसेंबरात, भर दुपारी, वीकेंडला आलेला एक तरुण खोल पाण्यात गेला. सोपाननं सदरा माझ्या मांडीवर टाकला. वय अडुसष्ट.

पोरानं त्याचा गळा आवळला. सोपाननं ठोसा हाणला. एक. दोन. नाकातून रक्त आलं, पोरगं सैल पडलं.

पोराच्या काठावरच्या चौघा मित्रांनी तेवढंच पाहिलं. एकानं मोबाईलवर तेवढंच टिपलं.

"मारतोय त्याला! अरे, मारतोय!"

पोराला चिखलात टाकून सोपान धापा टाकत ओणवा झाला. तेव्हाच डोक्यात वल्हं बसलं.

मग दगड. मग बूट.

"अरे, वाचवलंय त्यानं!" मी ओरडत होतो. मलाही ढकललं, चष्मा फुटला. हाड मोडल्याचा आवाज कोणत्याच कवितेत नसतो.

सोपान शेवटचं बोलला ते एवढंच. "पोरगं पालथं घाला... पानी काडा..."

मी घातलं. पोरगं ओकलं, श्वास घेऊ लागलं.

सोपान नाही.

व्हिडिओ सगळीकडे फिरला : 'गावगुंडाचा पर्यटकावर हल्ला'. त्या चौघांवर केस उभी राहिली. त्यांचा वकील हसला, "चष्मा फुटलेल्या आजोबांना काय दिसलं?" वाचलेल्या पोराचं स्टेटमेंट एका ओळीचं. मला काही आठवत नाही.

"मला कुनाची फाशी नगं," पारूवहिनी वर्षभर म्हणतायत. "त्या पोरानं येकदा म्हनावं, म्हातारा मला वाचवत हुता. माजा मानूस गुंड म्हनून गेला, भावजी."

आज वर्षश्राद्ध. मी इथंच आहे. नुकतंच पान वाढून झालं होतं, तर दारात कुणीतरी उभं.

तोच पोरगा. एकटा.

वहिनींनी कोपऱ्यातला कोयता उचलला. मी आडवा गेलो नाही. खरं सांगतो, नाही गेलो.

"मावशी," तो उंबऱ्याबाहेरूनच म्हणाला, "मला सगळं आठवतंय. मित्रांसाठी खोटं बोललो. सोपानबाबांनी मला वाचवलं."

वहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या. मग कोयता खाली पडला.

"हितं नगं सांगू," त्या म्हणाल्या. "चल, चौकीत चल. तितं सांग, सगळ्यांम्होरं."

दोघं रस्त्याला लागलीसुद्धा. ही पोस्ट टाकून मीही मागोमाग निघतोय.

सोपान, गड्या, राम राम.