उजव्या बाजूचा पडदा

शेजारी राहायला आलेली टायपिस्टबाई मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या जिन्यात. कडेवर पोर घ्यावं तसा तिने एक जुना मॉनिटर छातीशी धरला होता आणि त्याची वायर पायऱ्यांवरून फरफटत होती. बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस अशा वेळी काय करतो? सूचना करतो.

"वायर आधी गुंडाळायला हवी होती," मी म्हणालो.

"सर, तास नंतर घ्या. आधी दार ढकला."

मी सर आहे हे तिला कोणी सांगितलं, ते मी घरी येऊन विचारलं. "चेहऱ्यावर लिहिलंय तुमच्या," आमची ही म्हणाली.

अठरा वर्षं ती ज्या ऑफिसात टायपिंग करत होती, ते बंद पडलं होतं. निघताना तिने तिथले दोन मॉनिटर मागून आणले, एक बुटका आणि एक उंच. लॅपटॉप घरचाच, पण इतका थकलेला की त्यावर दुसरं काही चालेना, म्हणून भावाने विंडोजऐवजी हलकं लिनक्स घालून दिलेलं. एका कॉलेजने तिला महिनाभर पारखायला घेतलं होतं, काम घरी बसून इंटरनेटवरून. ऐकू न येणाऱ्या मुलांसाठी प्राध्यापिका बोलतील ते त्याच क्षणी टाइप करायचं, मुलं ते आपल्या पडद्यावर वाचणार. महिन्याच्या शेवटी समिती एक तास बघणार. पसंत पडलं तर नोकरी कायम, नाहीतर पुन्हा बेकार.

तिची मांडणी ठरलेली होती. डाव्या मॉनिटरवर शिकवणाऱ्या प्राध्यापिका, मधे लॅपटॉपवर तिचा मजकूर आणि उजवीकडे अवघड शब्दांची यादी. माउसला ती हात लावत नसे. दोन कळा धरून बाण दाबला की अख्खी खिडकी या पडद्यावरून त्या पडद्यावर जायची. एका मुलाला एका बाकावरून दुसऱ्या बाकावर हलवायला मला घसा फोडावा लागायचा, त्यामुळे मी बघतच राहायचो.

तास जीवशास्त्राचे होते, म्हणून यादीचं काम मी हट्टाने मागून घेतलं. मी वहीत लिहून द्यायचो, ती टाइप करून ठेवायची.

समितीच्या तासाच्या आदल्या दुपारी ती चहा ठेवायला आत गेली. यादीची खिडकी पडद्याच्या कोपऱ्यात होती. मला ती मधोमध हवी होती. फळ्यावरची तारीखसुद्धा मी कधी वाकडी राहू दिली नाही! हात शिवशिवले. तिच्यासारख्याच दोन कळा धरल्या, पण बोट बाणाऐवजी शेजारच्या 'पेज डाउन'वर पडलं. यादी गायब.

चहा आला. मी प्यालो. छान झालाय म्हणालो. तिने लॅपटॉप मिटला आणि मी शहाण्यासारखा घरी आलो. 'वही घरी राहिली' म्हणणाऱ्या पोरांना मी वर्गाबाहेर काढत असे. ती पोरं निदान काहीतरी बोलायची तरी.

दुसऱ्या दिवशी तास सुरू व्हायला मिनिटभर उरलं असताना तिने विचारलं, "सर, यादी कुठाय? कोणी हात लावला?"

"छे! कोण लावणार?"

खोलीत येऊन-जाऊन आम्ही दोघंच असायचो.

पहिली पाच मिनिटं बरी गेली. मग 'आंतर्द्रव्यजालिका' आली आणि तिची बोटं अडखळली. प्राध्यापिका पुढे निघून गेल्या. मजकूर एक ओळ मागे पडला, मग दोन. यादी शोधायची तर लिहिणं थांबवावं लागणार होतं, आणि समिती बघत होती. तिच्या मानेवर घाम दिसला, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी लावला हात. काल. पेज डाउन दाबलं गेलं."

तिने मानही वळवली नाही. "वही आणलीय?"

"पिशवीत आहे."

"मग धरा की!"

मी उजव्या मॉनिटरपुढे वही उघडून उभा राहिलो.

"वर. अजून वर. आता डावीकडे सरका. सर, अंगठा! अंगठ्याखाली शब्द आहे."

अंगठा काढला. ती एकेक शब्द बघत होती आणि बोटं धावत होती. "पान उलटा," ती म्हणाली की मी उलटत होतो. हात वर करून उभं राहायची शिक्षा मी किती जणांना दिली असेल, त्याचा हिशोब माझ्या खांद्यांनी चाळीस मिनिटांत लावला.

तास संपल्यावर तिने यादी शोधून काढली आणि त्याच दोन कळा धरून 'पेज अप' दाबलं. यादी उजव्या पडद्यावर हजर. "शेजारच्या वर्कस्पेसमध्ये होती, म्हणजे याच पडद्यामागच्या दुसऱ्या पानावर. कालच बोलला असतात, तर एका सेकंदात आणली असती."

"मार्क गेले का माझे?"

"तुमचे कधीच गेले. माझे बघायचेत."

चार दिवसांनी समितीचं पत्र आलं. सुरुवातीला मजकूर मागे पडला पण पुढे सावरला, असा शेरा होता आणि खाली तिला ठेवून घेतल्याचं लिहिलं होतं.

आता ती सोमवार ते शुक्रवार रोज तीन तास लिहिते. गेल्या महिन्यापासून रसायनशास्त्राचे तासही तिच्याकडेच आले आहेत.