बाबांना दिसणारं गाणं

परवा वाकडच्या एका दवाखान्यात आवाज बंद केलेल्या टीव्हीवर कुणीतरी गात होतं, आणि मला थेरगावच्या आमच्या दोन खोल्यांमधला एक गुरुवार आठवला. गुरुवारी बाबांच्या कंपनीला सुट्टी असायची. तिथल्या प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबणाऱ्या यंत्रांच्या धडधडाटात वर्षं काढून त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं, तरी जेवण झालं की ते टीव्हीसमोर बसून परदेशी गाण्यांची वाहिनी लावत. त्यातले तोकडे कपडे बघून आई वैतागायची. त्या दुपारी केबलवाला आला, तेव्हा ती त्याला म्हणाली, "भाऊ, ते इंग्रजी गाण्याचं बंद करून टाका, घरात पोरगी मोठी व्हायलीय." तिच्या हातवाऱ्यांवरून बाबांना काय ते उमगलं. ते नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, "अगं, रेडिओवरलं गाणं मला आता समजंना. इथं ड्रमवाल्याचे हात दिसतात, गाणाऱ्याचा गळा ताणलेला दिसतो. तेवढ्यावर माझ्या डोक्यात गाणं सुरू होतंय." मग केबलवाल्याला "राहू द्या" म्हणून आई बाबांशेजारी येऊन बसली आणि ठेका पडेल तशी त्यांच्या हातावर बोटं वाजवू लागली. बाबा हसून मान डोलवू लागले. पुढे त्या वाहिनीवर गाण्यांऐवजी भांडणाचे कार्यक्रम आले, आणि आता तर ती बंदच झाली. पण गाणं डोळ्यांना दाखवायचं ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं, त्याच्याबद्दल मला अजून फार आदर वाटतो.