सगळे रिपोर्ट नॉर्मल

सातवीच्या वर्गात अपूर्णांक शिकवत होते. अचानक छाती अशी धडधडायला लागली की हातातला खडू पडला. हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. वाटलं, आता मी या मुलांसमोरच मरणार. त्यांना गणितं सोडवायला सांगून व्हरांड्यात गेले. पंधरा-वीस मिनिटांनी सगळं ओसरलं.

पुढच्या महिनाभरात तीनदा ईसीजी काढला. रक्त, साखर, थायरॉईड, सगळं नॉर्मल. ते ऐकून नवऱ्याला हायसं वाटायचं आणि मला धडकी भरायची. मग हे होतंय ते काय? एका जागी बसवेना. भाजी फोडणीला टाकायची आणि गॅलरीत जायची, तिथून परत आत. कुकरच्या शिट्टीनेही दचकायची. आधी सिटी बस सोडली, मग स्कूटी. वर्गात दाराजवळ उभी राहून शिकवायला लागले, वेळ आली तर पळता यावं म्हणून. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेजारणीच्या आग्रहाने मनःशक्तीच्या एका शिबिरालाही गेले. तिथले सर म्हणाले, मनावर घेतलं तर भीती जाते. मी मनावर घेतलं. भीती गेली नाहीच, वर स्वतःची लाज वाटायला लागली.

एका रविवारी वळसंगहून माझी मोठी बहीण आली. आम्ही तिला अक्का म्हणतो. शेत आणि गोठा एकटीने रेटणारी बाई. मी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होते, ती गुपचूप बघत होती. मग म्हणाली, "आता मरतीय असं वाटतंय का?"

मी थांबले. मरणाचं मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मला बी व्हत होतं की. दोन वर्सं झाली, गोळी चालू हाय. घरात बीपीची म्हणून सांगितलंय."

मला आधी रागच आला. मला का नाही सांगितलंस, म्हणाले. तिने मान खाली घातली. "तू शिकलेली. तुला काय सांगू, डोक्याच्या डॉक्टरकडं जाते म्हणून?"

दुसऱ्या दिवशी तीच मला तिच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. बाकावर माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील बसले होते. दोघंही आधी पंख्याकडे बघत राहिलो. मग ते सरकून म्हणाले, "बसा मॅडम."

डॉक्टर बाईंनी झोपेचं, भुकेचं, जीव नकोसा होतो का, सगळं विचारलं. मी पर्सचा बंद पिळत उत्तरं देत होते. "याला पॅनिक अटॅक म्हणतात," त्या म्हणाल्या. "त्रास खरा आहे. पण त्याने हृदय बंद पडत नाही." गोळ्या त्यांच्याकडून, आणि दर आठवड्याला बोलायला एक मानसतज्ज्ञ. गोळी लागू पडायला काही आठवडे जातील, सुरुवातीला अस्वस्थपणा वाढेल, हेही त्यांनी आधीच सांगितलं. वाढलाच. पहिल्या आठवड्यात त्यांना दोनदा फोन केला. मानसतज्ज्ञांनी मला एकेक स्टॉप करत बसमध्ये बसायला लावलं. नवरा शेजारी बसायचा.

आता आठ महिने झाले. पूर्ण गेलंय असं म्हणणार नाही. गेल्या आठवड्यात मंडईत पुन्हा धडधडलं. भाजीवालीच्या टोपलीशी उभी राहून श्वास मोजत राहिले. तिने विचारलं, "काय झालं ताई, पाणी देऊ का?" मी हो म्हटलं. पाणी प्यायले, पावशेर दोडका घेतला आणि पुढच्या गाळ्याकडे वळले.