ठोकळेवाल्या बाई

गेल्या वर्षी सोळा जूनला मी माझ्या नातीची, सईची, दहा महिन्यांची फी रोख भरली. सहा हजार रुपये. हजर तिघं: मी, सई आणि ठोकळेवाल्या बाई. बाईंनी पैसे न मोजताच डब्यात टाकले. सईला आत सोडताना मात्र दोनदा बजावलं, "कडंकडंनं जा बरं. मधी कोणाचं तरी गाव हाय."

गारखेड्यातल्या एका भाड्याच्या खोलीत त्या खेळवर्ग चालवत. पोरांनी लाकडी ठोकळे, डबडी, बाटल्यांची बुचं घेऊन जे अर्धवट मांडलेलं असेल, ते त्या कधी आवरत नसत. केरसुणी त्याला वळसा घालून फिरे. एका आईनं पसाऱ्याला नाक मुरडलं, तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू द्या वो. रातभर त्यांच्या डोक्यात तेच चालू असतंय. सकाळी आलं की कुठं चुकलं ते त्याचं त्याला कळतंय."

सईचा पूल तीन दिवस पडत होता. बाई शेजारी हात मागं बांधून बसलेल्या. तिला सांगत का नाही, असं मी विचारलं. "मला येतोय की पूल बांधता," त्या म्हणाल्या. चौथ्या दिवशी सईनं खांबांखाली रुंद ठोकळे ठेवले आणि पूल उभा राहिला. घरी येऊन तिनं वाट्या आणि पोळपाट घेऊन तो आम्हा सगळ्यांना पुन्हा करून दाखवला.

सप्टेंबरात एका मोठ्या शाळेत तिची मुलाखत झाली. अक्षरं काढायला सांगितली, तर ती पेन्सिली उभ्या करत बसली. प्रवेश मिळाला नाही. माझा मुलगा नीलेश बाईंना भेटून म्हणाला, आता लिहायला शिकवा. बाकीचे पालक तेवढंही बोलले नाहीत, पोरं काढून घेतली. चौदाची सहा राहिली. भाडं निघेना, म्हणून बाईंनी संध्याकाळी खोली शिकवणीला दिली. त्यामुळे रोज दुपारी सगळं मोडून पोत्यात भरावं लागे.

मग पोरं दुपारपर्यंत उरकेल एवढंच मांडू लागली. सईनं तेही सोडलं. एकदा मी लवकर पोचलो, तर ती ठोकळ्यांपुढं नुसती बसलेली. काय बांधायचं, असं बाईंनी विचारलं.

"मोडायचंच आहे ना?" सई म्हणाली.

पुढच्या आठवड्यात बाईंनी वह्या आणल्या. सईचा हात हातात धरून 'अ' गिरवून घेताना मला म्हणाल्या, "करून बघते, भाऊ. नाय तर हे सहाबी जातील."

ते सहाही गेले. नोव्हेंबरअखेर वर्ग बंद झाला. पिशोरला भावाकडं राहायला जाण्याच्या आदल्या दिवशी बाई आमच्याकडं आल्या आणि उरलेल्या चार महिन्यांचे चोवीसशे रुपये टेबलावर ठेवले. मी नको म्हटलं.

"ती खेळलीच नाय, त्याचे कसे ठेवू?" त्या म्हणाल्या.

सई आतल्या खोलीत पान पुरं करत होती. तिला उठवू नका म्हणाल्या आणि चहा न घेताच गेल्या.

त्या चोवीसशे रुपयांत सईच्या नव्या सुलेखनाच्या वर्गाचे दोन महिने बसत होते. नीलेशनं ते त्याच संध्याकाळी तिथल्या सरांकडं भरले.