जिन्याखालचा पुठ्ठा

पावडरमास्तरांच्या गॅरेजात पेट्रोलइतकाच टाल्कम पावडरचा वास यायचा. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, मिस्त्री भलताच हौशी दिसतोय. पण ती पावडर इंजिनाला लावायची असे. जुन्या मोटारसायकलीचं तेल गळायला लागलं की बाकीचे मिस्त्री थेंब पडतो तिथले बोल्ट आवळत बसतात. मास्तरांना त्याचा भारी राग. तेल गळतं वर कुठेतरी, फटीफटीतून वाट काढतं, वाऱ्यानं मागे जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. म्हणून ते आधी अख्खं इंजिन धुऊन कोरडंठाक पुसायचे, त्यावर पावडर फुंकायचे, दहा मिनिटं गाडी चालू ठेवायचे आणि स्टुलावर बसून नुसते बघत राहायचे. पांढऱ्यावर जिथे पहिली काळी रेघ उमटेल, तिथे चोर.

असा हा इंजिनाच्या बाबतीत कमालीचा धीराचा माणूस. माणसांच्या बाबतीत मात्र धीर नावाला नव्हता. कामात कुणी चुकलं की ते चारचौघांत पाणउतारा करायचे, आणि बरोबर केलं तर गप्प बसायचे. आपलं गप्प बसणं म्हणजेच शाबासकी, असा त्यांचा प्रामाणिक समज होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला कधी सांगितली नव्हती, एवढीच काय ती अडचण.

मुलगा तांत्रिक शिक्षण संपवून त्यांच्याच हाताखाली आला. गिऱ्हाइकं त्याला धाकटे मिस्त्री म्हणायची. तीन वर्षांत त्यानं पुष्कळ उचललं, पण पॅकिंग कापायला त्याचा हात वळेना. इंजिनाचे दोन भाग जिथे जुळतात तिथे मध्ये जाड कागदाचं पॅकिंग बसतं. मास्तर ते बाजारातून आणत नसत. कागद सरळ झाकणावर ठेवायचा, गोल तोंडाच्या हातोडीनं कडेकडेनं हलकेच ठोकत जायचं, लोखंडाची कडच कागद कापते. बोल्टच्या भोकावर सायकलचा छर्रा ठेवून एक टिचकीभर ठोका. भोक असं गोल पडतं की बघत राहावं. मुलाचा कागद फाटायचा. मग तो कड साधायला वर सिलिकॉनचा, वाळून रबरासारखा होणारा लाल लेप फासायचा, आणि नको तेवढा फासायचा.

एकदा त्या जादा सिलिकॉनचा तुकडा आत सुटला, तेलाच्या भोकात अडकला आणि एका गिऱ्हाइकाचं इंजिन भर रस्त्यात जाम झालं. माणूस थोडक्यात वाचला. मास्तरांनी इंजिन खोललं, तो लाल, अळीसारखा तुकडा चिमट्यानं बाहेर काढला आणि चार गिऱ्हाइकांसमोर हत्यारांच्या फळीवर खिळा मारून टांगला. "बघून घ्या," ते म्हणाले, "आमच्या चिरंजीवांचं कर्तृत्व."

गिऱ्हाइकं हसली. मुलगाही हसल्यासारखं करून हात धुवायला गेला, तो परत आलाच नाही. पंधरा दिवसांत त्यानं एका कारखान्यात दुसऱ्या पाळीची नोकरी धरली. याला दोन वर्षं झाली होती. तुकडा अजून खिळ्यावर होता. आता तो मास्तरांच्या डोळ्यांना दिसतही नव्हता, भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तरी तिथेच राहतं, तसा.

घर दोन खोल्यांचं, गॅरेजच्या मागच्याच गल्लीत. बापलेक एका छपराखाली राहून एकमेकांना चुकवायचे. मुलगा यायचा तेव्हा मास्तर झोपलेले, मास्तर निघायचे तेव्हा मुलगा झोपलेला. मधल्या निरोपांची ने-आण आई करायची. "त्याला सांग, टाकीचं झाकण नीट लावत जा." "बाबांना सांग, लावलंय."

मुलाकडे गाडी होती ती मास्तरांचीच जुनी. तिचं उजव्या बाजूचं झाकण पाझरायचं, म्हणून त्यानं जिन्याखाली, गाडी लावायच्या जागी, एक पुठ्ठा टाकला होता. रोज सकाळी मास्तर चप्पल घालायच्या निमित्तानं वाकायचे आणि पुठ्ठा बघायचे. ओला, ताजा थेंब असला की पोरगं सुखरूप घरी आलं. मग ते कामाला जायचे. गल्लीतले लोक चेष्टा करायचे, "काय मास्तर, सगळ्यांच्या गाड्या कोरड्या आणि घरची वाहतेय!" मास्तर म्हणायचे, "तिचा मालक वेगळा आहे." मुलानं आईकरवी बजावलं होतं, गाडीला हात लावायचा नाही, मी बघीन. मास्तरांनीही लावला नव्हता. खरं सांगायचं तर तो थेंब त्यांना हवाच होता.

मग मुलाला लांबच्या बंदरावर जहाजदुरुस्तीचं काम मिळालं. दोन दिवसांचा प्रवास, तीन वर्षांचा करार. सोमवारी सकाळी निघायचं होतं. आईनं हे ताट वाढताना सांगितलं आणि मास्तरांचा घास हातातच राहिला.

"जायच्या आधी बोला हो त्याच्याशी," ती म्हणाली. "तुम्ही मोठे आहात."

"काय बोलू?"

"काहीही बोला. पण टोचून नको."

मास्तरांनी तीन दिवस विचार केला. शब्द सापडेनात. या माणसाला आयुष्यात कुणावर माया करायची झाली तर त्याची वस्तू दुरुस्त करून देणं, एवढंच येत होतं. शनिवारी मुलगा कारखान्यातून कागदपत्रं आणायला बसनं गेला, गाडी जिन्याखाली राहिली. मास्तरांनी भर दुपारी गॅरेज बंद केलं. असं त्यांनी सासऱ्यांच्या मरणालाही केलं नव्हतं. जिन्याखाली बसून त्यांनी तेल काढलं, झाकण खोललं, जुनं पॅकिंग खरवडलं, नवं कापून बसवलं, पावडर मारून तपासलं. पांढऱ्याचं पांढरं राहिलं. शेवटी जुना पुठ्ठा फेकून नवाकोरा टाकला. मुलगा बघेल आणि समजेल, असं त्यांच्या मनात. काय समजेल, हे त्यांना विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण बसल्या बसल्या त्यांचे डोळे भरून आले होते एवढं खरं.

रविवारी सकाळी मुलगा पाने आणि एक मोठं पाकीट घेऊन जिन्याखाली आला. मास्तर दारातच घोटाळत होते. मुलानं इंजिन बघितलं, पुठ्ठा बघितला.

"कुणी उघडलं हे?"

"मी." दोन वर्षांत सरळ बोललेला हा पहिला शब्द. "आता थेंबभर गळायचं नाही."

"मला एकदा विचारायचं तरी, बाबा."

इथे मास्तरांनी गप्प बसायचं होतं. जन्मभर नको तिथे गप्प बसलेला माणूस नेमका इथे बोलला.

"विचारायचं काय त्यात? तुझ्याकडून पुन्हा आत काही राहून गेलं असतं म्हणजे?"

बोलले आणि त्यांनी जीभ चावली. मुलगा भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाने पिशवीत भरले, गाडीची किल्ली दाराशेजारच्या हुकाला लावली आणि आत जाऊन बॅग भरायला घेतली. सोमवारी निघताना तो आईच्या पाया पडला, वडिलांच्याही पडला. त्यात काही कमी ठेवलं नाही. "येतो," म्हणाला आणि रिक्षात बसला. मास्तरांच्या ओठांवर "जपून" आलं होतं. ते बाहेर पडेपर्यंत रिक्षा वळली.

दुपारी बायकोनं ते मोठं पाकीट त्यांच्यासमोर आणून ठेवलं. "कचऱ्यात टाकून गेला होता. मी काढून ठेवलं."

पाकिटात, दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये सपाट ठेवलेलं एक पॅकिंग होतं. हातानं ठोकून कापलेलं. कड कुठे फाटली नव्हती. नऊच्या नऊ भोकं छऱ्यानं पाडलेली, गोल.

"कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत शिकत होता," ती म्हणाली. "वर्षभर. भंगारातून तसलंच झाकण मिळवून त्यावर ठोकायचा. अकरा फाटली, हे बारावं. रविवारी तुमच्यासमोर बसवणार होता. मला म्हणाला, बाबांना आधी सांगू नकोस."

"मग मला सांगायचं नाही का?" मास्तर तिच्यावर ओरडले, आणि ओरडता ओरडताच खाली बसले. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिला स्वतःचं रडूही आवरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी पुन्हा खोलली. स्वतःचं पॅकिंग काढलं, मुलाचं बसवलं. सिलिकॉनचं बोटही लावलं नाही. इंजिन पुसलं, पावडर मारली, गाडी चालू केली आणि स्टुलावर बसले. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कुठेही काळी रेघ उमटली नाही. आयुष्यात पहिल्यांदा मास्तर मोठ्यानं म्हणाले, "जमलं रे तुला." ऐकायला समोर मोटारसायकल होती.

मुलगा बंदरावर पोचून कामाला लागल्यावर एका संध्याकाळी त्यांनी बायकोला फोन लावायला सांगितलं. तिनं आवाज मोठा करून फोन दोघांच्या मध्ये धरला. "बाबांनी तुझं पॅकिंग बसवलं बरं का. एक थेंब नाही. ते म्हणतात, त्यांच्यापेक्षा चांगलं कापलंयस."

पलीकडून बंदरावरचे आवाज येत होते. मग मुलगा म्हणाला, "आई, ते फळीवरचं काढलं का त्यांनी?"

तिनं मास्तरांकडे बघितलं. मास्तरांना क्षणभर कळेचना, तो कशाबद्दल बोलतोय. मग कळलं. सकाळीच त्या फळीवरून त्यांनी पाना काढला होता, तुकड्याला कोपर लागलं होतं, तो हललाही होता.

"आत्ता काढतो," ते फोनच्या दिशेनं म्हणाले. "आत्ता जातो बघ."

"राहू दे," मुलगा म्हणाला. "आई, ठेवतो. पाळी सुरू होतेय."

मास्तर तसेच अनवाणी गॅरेजात गेले आणि त्यांनी खिळा उपटला. धुरानं काळ्या पडलेल्या फळीवर तुकड्याच्या मापाची पांढरी जागा राहिली. पुसली तरी ती जात नव्हती.

मुलगा दर रविवारी आईला फोन करतो. बाबा कसे आहेत, विचारतो. ती बरे आहेत म्हणते. फोन पुढे केला तर ठेवायची वेळ झालेली असते. गाडी जिन्याखालीच आहे, मास्तर ती कुणाला चालवायला देत नाहीत. सकाळी कामाला जाताना ते अजूनही चप्पल घालायला वाकतात आणि पुठ्ठा बघतात. पुठ्ठा कोरडा असतो.