अस्वलाच्या आतल्या कोंबड्या

तिसरीच्या बाईंना सगळी शाळा पट्टीबाई म्हणायची. पट्टीने त्या कुणाला मारत नसत, मापत असत. दोन बाकांमधलं अंतर, फळ्यावरचा समास, मुलींच्या वेण्या, काहीही. घरी मोजे वाळत घालतानाही त्या जोडीजोडीने, उंचीप्रमाणे घालत. "मीसुद्धा उभा वाळलो तर कुठल्या खिळ्यावर जाणार ते ठरलेलं आहे," असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगत.

अशा बाईंनी वर्गात वाचनकोपरा करायचं मनावर घेतलं. शाळेने परवानगी तेवढी भरघोस दिली, बाकी काही नाही. मग फळवाल्याकडून रिकाम्या लाकडी पेट्या आल्या, त्या घासूनपुसून भिंतीला लागल्या. सासूबाईंनी जपून ठेवलेला जुना पडदा त्यांच्या डोळ्यांदेखत उशांचे अभ्रे झाला. आणि यजमानांच्या दोन पँटी, ज्या त्यांच्या मते अजून धडधाकट होत्या, कातरून उशांच्या पोटात गेल्या. यजमानांनी उरलेली एक पँट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुस्तकं आणायला बाई रद्दीवाल्याकडे पट्टी घेऊनच गेल्या. पेटीत नेमकी बसतील अशा एका उंचीची चाळीस पुस्तकं त्यांनी निवडली. कव्हरं मळकी होती, म्हणून त्यांवर जुन्या कॅलेंडरांतली प्राण्यांची चित्रं चिकटवली. पाठीवर लाल, हिरवी, निळी पट्टी आणि आकडा. आत काय आहे ते सुट्टीत सावकाश बघू, असं ठरवलं.

मग पंधरा दिवस सराव चालला. पुस्तक काढायचं, उशीपर्यंत न्यायचं, मांडीवर धरायचं, परत जागेवर ठेवायचं. उघडायचं मात्र नाही, कारण मुख्याध्यापिकांनी अजून कोपरा पाहिला नव्हता आणि उघडलं की पानांचे कान दुमडतात.

शुक्रवारी मुख्याध्यापिका बाकीच्या वर्गांच्या सहा बाईंना घेऊन आल्या. सगळ्यांनी असाच कोपरा करावा म्हणून. मुलं कवायतीसारखी उठली, बसली. पट्टीबाईंना आपली उंची दोन बोटं वाढल्यासारखं वाटलं. मुख्याध्यापिकांनी कौतुकाने वर्गातल्या सगळ्यात बारक्या मुलीला, चिमणीला, विचारलं, की तुझ्या पुस्तकात काय आहे गं?

"हिरवं चार," चिमणी म्हणाली. "दुसरी पेटी."

"ते झालं. पण गोष्ट कसली आहे?"

चिमणीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी हातातल्या पट्टीकडे पाहिलं. मग चिमणीने कव्हरावरचं अस्वल पाहिलं आणि सुरू केलं. अस्वलाची दाढ दुखत होती. दातांचा डॉक्टर होता ससा. त्याला सगळं येत होतं, फक्त अस्वलाच्या तोंडात डोकं घालायची हिंमत होत नव्हती. सहाच्या सहा जणी पुढे सरकल्या.

"बघू तो ससा," म्हणत मुख्याध्यापिकांनी पुस्तक उघडलं. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, 'कोंबड्यांचे रोग व उपचार'. खाली आजारी कोंबडीच्या आतड्याचं चित्र.

खसखस पिकली. चौथीच्या बाई म्हणाल्या, "थापाडी आहे हो तुमची चिमणी." मुख्याध्यापिकांनीही, बाळ, खोटं सांगू नये, असं समजावलं. चिमणीचे कान लाल झाले. हनुवटी छातीला टेकली. बाईंनी उघडू दिलं नाही, एवढं सांगितलं असतं तर ती सुटली असती.

आणि बाईंना काय वाटलं? खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. क्षणभरच, पण वाटलं. पुढे कितीतरी दिवस तो क्षण आठवला की त्या एकट्या असतानाही खाली बघत.

चिमणी उठली. डोळे पुसत तिने पुस्तक दुसऱ्या पेटीत, हिरव्या रांगेत, चार नंबरला ठेवलं. बोटाने सारखंही केलं.

"थाप तिची नाही," पट्टीबाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला. "माझी आहे. मुलांनी एकही पुस्तक उघडलेलं नाही. मी उघडू दिलं नाही. मी स्वतःही उघडलं नाही."

कुणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. "मग आता उघडा," एवढं म्हणून मुख्याध्यापिका निघाल्या, मागोमाग सहा जणी.

चाळीस पुस्तकं उघडली. मुलांनी वाचण्यासारखी नऊ निघाली. बाकी पंप दुरुस्ती, जमिनीचे कायदे, आणि एकच टंकलेखन मार्गदर्शक पाच वेळा. बाई चिमणीजवळ जमिनीवर बसल्या आणि चुकलं गं माझं, म्हणाल्या. चिमणीने मान हलवली, वर पाहिलं नाही.

"मग सशाने घातलं का डोकं?" बाईंनी हळूच विचारलं.

"अजून ठरलं नाही," चिमणी म्हणाली आणि पाठ फिरवून बसली.

त्या संध्याकाळी दोरीवर मोजे कसेही पडलेले यजमानांनी पाहिले आणि घाबरले. कपाटाचं कुलूप काढून ती शेवटची पँट त्यांनी बाईंच्या पुढ्यात आणून ठेवली.

"घे," ते म्हणाले. "उशी लागत असेल अजून."